टेस्ट आणि टेस्ट

मराठी ताटाला एक डावी बाजू असते. मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर आणि लोणचं. या बाजूचा हिशेब सहसा कुणी ठेवत नाही. डाएट चार्टमध्ये पोळ्या किती, भात किती, वरण किती हे सगळं वाटी-चमच्यात लिहिलेलं असतं. लोणच्याचा कॉलमच नसतो. तोंडी लावणं म्हणजे काय जेवण थोडंच? ते आपलं असंच, चवीपुरतं!

पण लोणचं गोड असेल, तर या 'असंच'मध्ये बरंच काही मुरलेलं असतं. आमच्या घरच्या गोड लिंबाच्या लोणच्याचं माप सांगते. एक किलो कागदी लिंबं, सव्वा किलो साखर, दीडशे ग्रॅम मीठ आणि वर तिखट. म्हणजे अर्धी बरणी साखरेचीच. वाढताना दोन फोडी आणि चमचाभर रस घेतला, तर वीसेक ग्रॅम लोणचं पानात येतं. त्यातली दहा ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे दोन चमचे भरून. सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. त्यातली वीस ग्रॅम नुसत्या तोंडी लावण्यात संपली! आणि हे सगळं करून आपण पुन्हा अभिमानाने सांगतो, 'मी तर बाबा चहा बिनसाखरेचा पितो/पिते.'

हे गणित मी हौसेने नाही केलं. ते करावं लागलं, कारण आईचा रिपोर्ट आला.

७.९

एचबीएवनसी नावाची एक टेस्ट असते. मागच्या साधारण तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती होती, ते ती सांगते. आदल्या दिवशी उपास केला, पहाटे उठून पर्वती चढून आलो, तरी तिला फसवता येत नाही. आईचा आकडा होता ७.९. डायबेटिसची रेषा ६.५ला आहे. म्हणजे प्रकरण 'जरा जास्त आहे, बघू'च्या पुढे गेलेलं.

आई शिस्तीची. डॉक्टरांनी सांगितलं ते तिने दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. गोळ्या, चालणं, भात अर्धा. चहातली साखर गेली, चतुर्थीचे मोदक दुसऱ्यांच्या पानात गेले. यातल्या कशाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. गोड लोणचंही बंद झालं. आणि इथेच सगळी गडबड झाली.

कारण आईने लोणचं खाणं बंद केलं, करणं नाही! दर वर्षी लिंबं स्वस्त झाली की तिची बरणी भरते. एक घरात, एक माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर, एक दादाकडे, एक शेजारी. रिपोर्टनंतरही तिने चार बरण्या भरल्या. फक्त चाखलं नाही. तिने फोडींचा रंग बघितला, बरणी कलती करून रस किती दाटला ते बघितलं, वास घेतला. आणि मग वाटीत दोन फोडी घालून माझ्यापुढे धरल्या. "बघ गं, मीठ बरोबर आहे का?"

आता मला काय कळतंय? मी लहानपणापासून 'छान झालंय' एवढंच म्हणत आले. मीठ बरोबर आहे की नाही हे आमच्या घरात फक्त एकाच जिभेला कळायचं आणि ती जीभ आता संपावर होती. पस्तीस वर्षं ज्या चवीवर तिचं राज्य होतं, त्या चवीचं मत तिला माझ्याकडून, बाबांकडून, अगदी कामाच्या मावशींकडून घ्यावं लागत होतं. तिने डायबेटिसबद्दल तक्रार केली नाही हे मी आधीच सांगितलं. पण त्या दिवशी वाटी पुढे धरताना तिचा चेहरा मला बघवला नाही.

मग मी ठरवलं. आईला खाता येईल असं गोड लोणचं करायचंच.

आणि हे फक्त आईपुरतं नाही, बॉस. आयसीएमआर-इंडियॅब या देशभरातल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात अंदाजे १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि १३.६ कोटी लोक प्रीडायबेटिक आहेत. हा दुसरा आकडा बघा जरा. एसीत बसून दिवसाला दहा तास स्क्रीनकडे बघणारे, रात्री अकराला पिझ्झा मागवणारे आपण. आज आई आहे, उद्या आपला नंबर लागायला फार वेळ लागत नाही.

गूळ, मध, खजूर: सगळे एकाच घरचे

'बिनसाखरेचं गोड लोणचं करतेय' असं म्हटल्याबरोबर सल्ले सुरू झाले. पहिला सल्ला आत्याचा. "अगं, मग गुळाचं कर ना! गूळ चालतो." हे वाक्य महाराष्ट्रात इतक्या घरांत इतक्या विश्वासाने बोललं जातं, की खोटं वाटतच नाही. पण गूळ हा मुख्यतः साखरच असतो. उसाच्या रसातली थोडी खनिजं त्यात राहतात, रंग आणि चव सुंदर असते, हे सगळं खरं. पण रक्तात गेल्यावर तो 'मी गूळ आहे हं' असं काही सांगत नाही. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात. सुक्या खजुराच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग साखरेचा. 'नैसर्गिक' आणि 'बिनसाखरेचं' हे दोन वेगवेगळे शब्द आहेत. गुळांबा जरूर खा, मस्तच लागतो. फक्त तो औषध म्हणून खाऊ नका.

पाकिटावरच्या शब्दांचंही तसंच. 'नो अ‍ॅडेड शुगर' म्हणजे वरून साखर घातलेली नाही, एवढंच. 'शुगर-फ्री' हा शब्द वापरायचा तर २०१८च्या भारतीय नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. त्या हिशेबाने नुसतं लिंबूसुद्धा शुगर-फ्री नाही, कारण त्याची स्वतःची दोनेक टक्के साखर असतेच. म्हणून मी माझ्या बरणीला 'बिनसाखरेचं' एवढंच म्हणते.

साखर काय नुसती गोड असते?

मला वाटत होतं तेवढं हे सोपं नव्हतं. म्हणजे साखर काढायची, शुगर सबस्टिट्यूट टाकायचा, झालं! पण लोणच्यातली साखर तीन नोकऱ्या एकदम करते.

पहिली नोकरी अर्थातच गोडीची. दुसरी अंगाची. मुरलेल्या लोणच्यात जो मधासारखा दाट रस असतो, ती साखरेची कमाल. तिसरी नोकरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित, ती म्हणजे राखणदारीची. भरपूर साखर आणि मीठ फोडींमधलं पाणी ओढून घेतात आणि धरून ठेवतात. बुरशीला, यीस्टला, जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. ते मिळालं नाही की त्यांची डाळ शिजत नाही. आजीची बरणी दादरा बांधून वर्षभर फडताळात राहायची ती याच जोरावर.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या गोड काकडीच्या लोणच्यात हा प्रश्न फारसा येत नाही. तिथे राखणदारी व्हिनेगर करतं, साखर असते ती मुख्यतः चवीसाठी. त्यामुळे सुक्रालोज घालून केलेल्या काकडीच्या गोड लोणच्याची तपासून घेतलेली कृती तिथे केव्हाचीच उपलब्ध आहे. आपल्या लिंबाचं नशीब मधलं. लिंबू स्वतः इतकं आंबट असतं की सगळ्यात घातक जंतूंना, बोट्युलिझमच्या जंतूंनाही, त्यात वाढता येत नाही. पण बुरशी आणि यीस्ट आंबटाला घाबरत नाहीत. त्यांना रोखायला फ्रिजच हवा.

म्हणजे फंडा क्लिअर झाला. साखर काढली की वर्षाचं लोणचं विसरायचं. बिनसाखरेचं लोणचं हे छोटं, ताजं, महिन्याभराचं आणि फ्रिजमधलं. जुन्या बरणीची हुबेहूब कॉपी मारायला गेलात तर ते बिघडणार. वेगळा पदार्थ म्हणून केलंत तर जमणार.

एका फडणीसांची गोष्ट

आता गोडीसाठी काय घालायचं? इथे एक झकास किस्सा सांगायलाच हवा.

साल १९७६. लंडनमधलं क्वीन एलिझाबेथ कॉलेज. प्राध्यापक लेस्ली हफ आणि त्यांच्याबरोबर काम करणारे शशिकांत फडणीस साखरेच्या रेणूवर प्रयोग करत होते. साखरेच्या रेणूतले काही भाग काढून तिथे क्लोरीन बसवायचं आणि काय होतं ते बघायचं. अशाच एका पावडरची टेस्ट करायला फडणीसांना सांगितलं गेलं. इंग्रजीत 'तपासणी'चा टेस्ट वेगळा आणि 'चवी'चा टेस्ट वेगळा. फडणीसांनी ऐकला चवीचा! त्यांनी ती पावडर सरळ जिभेवर ठेवली. ती भयंकर गोड होती. हेच सुक्रालोज, साखरेच्या साधारण सहाशे पट गोड.

(प्रयोगशाळेतली पावडर चाटून बघणं हा प्रकार घरी करू नका, हे सांगायला नकोच.)

मराठीत तर हे दोन्ही टेस्ट लिहायलासुद्धा सारखेच. आमच्या घरात एका टेस्टने दुसरी टेस्ट बंद पाडली होती. लंडनमध्ये बरोबर उलटं झालं होतं!

आता सहाशे पटीचा अर्थ लक्षात घ्या. आईच्या सव्वा किलो साखरेच्या जागी शुद्ध सुक्रालोज लागेल जेमतेम दोन ग्रॅम. म्हणजे गोडी तेवढीच, पण बरणीतून सव्वा किलो वजन गायब! रस पातळ का होतो आणि लोणचं टिकत का नाही, याचं उत्तर या एका आकड्यात आहे.

तीन वाट्या

दुकानात शुगर सबस्टिट्यूटच्या रॅकपुढे उभं राहिलं की डोकं गरगरतं. पाकिटाचा रंग आणि पुढची मोठी अक्षरं सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. अ‍ॅस्पार्टेम असेल तर ते लोणच्यासाठी नको. उष्णता त्याला मानवत नाही आणि साठवणीतही त्याची गोडी हळूहळू उतरते. शिवाय फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना ते अजिबात चालत नाही.

उरले तीन. स्टीव्हिया, एरिथ्रिटॉल आणि सुक्रालोज. मी एकाच घाण्यातलं उकडलेल्या लिंबाचं लोणचं तीन वाट्यांत वाटलं, प्रत्येकीत एकेक घातलं, खाली चिठ्ठ्या चिकटवल्या आणि वाट्या आठ दिवस फ्रिजमध्ये ठेवल्या. मग बाबा, दादा-वहिनी आणि मी असे परीक्षक बसलो.

स्टीव्हिया ही एका झाडाच्या पानांतून काढलेली गोडी. भारतात २०१५पासून तिला परवानगी आहे. चहात चालते. पण मागून ज्येष्ठमधासारखी एक चव येते, थोडी कडवट. लिंबाची साल मुळातच कडसर. कडू अधिक कडू, बाबांनी एक फोड खाऊन पाण्याचा ग्लास उचलला. "औषध छान आहे," म्हणाले.

एरिथ्रिटॉल दिसायला थेट साखरेसारखं, दाणेदार. त्यामुळे रसाला थोडं अंग येतं. पण ते साखरेपेक्षा कमी गोड, म्हणून जास्त घालावं लागतं. जिभेला पेपरमिंट खाल्ल्यासारखं गार लागतं. आणि चौथ्या दिवशी वाटीच्या तळाशी खडे जमले. वहिनी म्हणाली, "लोणच्यात बर्फ कुणी टाकला?"

सुक्रालोजच्या वाटीत रस पातळ होता, पण चव सरळ होती. मागून काही आलं नाही. आंबट, तिखट, गोड, याच क्रमाने. चौघांचं एकमत झालं. आमच्या घरात हे फारच दुर्मीळ.

आता कृती

साहित्य: अर्धा किलो पातळ सालीची पिवळी कागदी लिंबं (साधारण १२ ते १४), ३० ग्रॅम मीठ (चहाचे सपाट ५ चमचे), २ मोठे चमचे लाल तिखट, १ मोठा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, बोटभर आल्याच्या बारीक सळ्या आणि सुक्रालोजची पावडर.

लिंबं: धुऊन अगदी कोरडी पुसा. अख्खीच डब्यात घाला, डब्यात पाणी नको. कुकरच्या तळाला पाणी घालून दोन शिट्ट्या करा. साखर नसल्यामुळे फोडी मुरून मऊ व्हायची वाट बघता येत नाही, म्हणून त्या आधीच शिजवायच्या.

फोडी: गार झाल्यावर एकेका लिंबाच्या आठ फोडी करा. सगळ्या बिया काढा, अगदी चिकाटीने. बिया राहिल्या तर त्यांचा कडवटपणा रसात उतरतो आणि तो झाकायला इथे साखर नाहीये. डब्यात सुटलेला रस टाकू नका, त्यातच जान आहे.

दाटपणा: फोडी, रस, मीठ, तिखट, आलं हे स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर पाच-सात मिनिटं ढवळा. अ‍ॅल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ नको, आंबटाशी त्यांचं पटत नाही. लिंबाच्या सालीत पेक्टिन असतं, तेच जॅमला घट्ट करतं. ते सुटलं की रस थोडा दाटतो. पाकासारखा नाही, पण पोळीला लागेल इतपत नक्कीच.

गोडी: गॅस बंद करा. कोमट झाल्यावर जिरेपूड आणि सुक्रालोज घाला. प्रत्येक पाकिटात पावडरीचं प्रमाण वेगळं असतं, कारण शुद्ध सुक्रालोजमध्ये दुसरी काहीतरी भर घातलेली असते. म्हणून 'इतकी पावडर म्हणजे एक चमचा साखर' ही ओळ शोधा. आधी ४० चमचे साखरेइतकी गोडी घाला, चव बघा, मग वाढवत ६०पर्यंत जा. आकडा ऐकून दचकू नका. शुद्ध सुक्रालोजच्या हिशेबात हे अर्ध्या ग्रॅमच्या आतच होतं. वीस ग्रॅम लोणच्यातून तुमच्या पोटात जातं साधारण १४ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने घातलेली रोजची मर्यादा ९०० मिलिग्रॅम आहे.

बरणी: काचेच्या दोन छोट्या बरण्या उकळून पूर्ण वाळवा. एकच मोठी नको. दोन असल्या की एक उघडेपर्यंत दुसरी शाबूत राहते. थेट फ्रिजमध्ये ठेवा. तिसऱ्या दिवसापासून चव जुळून येते. कोरडाच चमचा घाला आणि तीन-चार आठवड्यांत संपवा. वर पांढरी बुरशी दिसली तर 'वरचं काढून टाकू' असलं काही करू नका, अख्खी बरणी फेकून द्या.

उन्हाळ्यात हाच फंडा मेथांब्याला लावा. मेथांबा मुळातच फार दिवस ठेवायचा पदार्थ नाही, त्यामुळे साखर किंवा गूळ गेल्याचं दुःख त्याला सगळ्यात कमी. तेलात मोहरी, हिंग, हळद आणि मेथीदाणे फोडणीला टाका. मेथी लालसर झाली की सोललेल्या कैरीच्या फोडी, तिखट, मीठ आणि अर्धी वाटी पाणी. फोडी मऊ झाल्या की गॅस बंद आणि मग सुक्रालोज. कैरी कडक, आंबट घ्या. पाडाला आलेली नको, तिच्यात साखर वाढलेली असते. आठ-दहा दिवस फ्रिजमध्ये मजेत राहतो. आणि थंडीत बाजारात आवळा आला की उकडून पाकळ्या सुट्या करा, त्यात आलं, लवंग आणि थोडी दालचिनी घाला. पुढचं तुम्हाला आता माहितीय.

थोडं सीरियसली

साखर गेली म्हणजे लोणचं निर्दोष झालं असं नाही. मीठ आहेच. वीस ग्रॅममध्ये साधारण एक ग्रॅम मीठ जातं आणि दिवसभराचा कोटा पाच ग्रॅमच्या आत असावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डायबेटिसबरोबर ब्लड प्रेशरही अनेकदा घरात येतंच. त्यामुळे 'बिनसाखरेचं आहे' म्हणून वाटी भरून घेऊ नका. दोन फोडी म्हणजे दोनच.

दुसरं म्हणजे याच संघटनेने मे २०२३मध्ये सांगितलं की वजन कमी करण्याचा उपाय म्हणून अशा गोडव्यांवर विसंबू नका. ही सूचना ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांच्यासाठी नाही, पण आपल्यासारख्या 'जीन्स घट्ट व्हायला लागलीय' ग्रुपसाठी नक्की आहे. हे लोणचं स्लिम होण्यासाठी नाही. जेवणात दोन फोडी गोड लागाव्यात म्हणून आहे.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर कधीकधी अचानक उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, चक्कर येते. अशा वेळी हे लोणचं काही कामाचं नाही! जीभ गोड होईल, रक्त नाही. तेव्हा खरी साखर किंवा ग्लुकोजच हवं. आईच्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असते. तिच्याच फ्रिजमध्ये बिनसाखरेची बरणी असते. दोन्ही आपापल्या जागी.

आईची बरणी, सगळ्यांची बरणी

लोणचं तयार झालं तेव्हा मी बरणीवर 'आई' अशी चिठ्ठी लावायला निघाले होते. आईनेच अडवलं. "माझं वेगळं काही मांडू नका. एकाच घरात दोन प्रकारची पानं मला नकोत."

तिचं म्हणणं पटलं. घरातल्या एकाला डायबेटिस झाला की आपण त्याच्यासाठी प्रेमाने वेगळा चहा, वेगळी भाजी, वेगळी मिठाई सुरू करतो. हेतू चांगलाच असतो. पण हळूहळू ते माणूसच वेगळं पडतं. वाढताना 'हे तुझं नाही' आणि 'हे फक्त तुझं' ही दोन्ही वाक्यं ऐकणाऱ्याला सारखीच टोचतात. मग ठरलं, गोड लोणचं सगळ्यांसाठी एकच, बिनसाखरेचं. बाबांनी दोन दिवस कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्यांदा घेतलं.

आईने पहिल्या दिवशी एक फोड घेतली, पोळीच्या तुकड्याला रस लावला, शांतपणे खाल्लं. आम्ही सगळे रिझल्ट लागायची वाट बघत असल्यासारखे बसलो होतो. ती म्हणाली, "मीठ कमी आहे."

"आई, ते मुद्दाम कमी घातलंय. तुझं बीपी..."

"मग आलं वाढव. आणि जिरं जरा जास्त भाजलं गेलंय. फोडी अजून लहान हव्यात."

तिसऱ्या वाक्यापर्यंत बाबा हसायला लागले होते. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच लोणच्यात काय कमी आहे ते तिने आम्हाला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

पुढच्या खेपेचं लोणचं तिनेच केलं. कृतीची तिची एक वही आहे, तेलाच्या डागांची. त्यात सव्वा किलो साखरेच्या मापाखाली आता नवं माप लिहिलंय आणि शेजारी कंसात 'फ्रिजमध्ये, ३ आठवडे'. जुनं माप तिने खोडलेलं नाही. शेजारच्या काकूंना अजून तेच लागतं.

तीन महिन्यांनी आईचा रिपोर्ट आला, ७.१. याचं श्रेय गोळ्यांना, रोजच्या चालण्याला आणि अर्ध्या झालेल्या भाताला. लोणच्याला अजिबात नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं आणि मीही सांगते. पुढची टेस्ट आणखी तीन महिन्यांनी आहे. दुसऱ्या टेस्टला मात्र आई दिवसातून दोनदा बसवते. माझ्या हातचं लोणचं अजून पास झालेलं नाही.